नटाची नाइट

नटानं निर्माता व्हावं का? ठाण्याच्या गडकरी रंगायतनाबाहेर, मासुंदा तलावाच्या कठड्यावर, एकांकिका स्पर्धेची फेरी संपल्यावर चहाच्या टपरीपाशी हा वाद हमखास निघतो आणि दर वेळी त्याच दोन नावांपाशी येऊन अडकतो. ‘निर्मितीत पडू नये’ म्हणणारे बालगंधर्वांचं नाव घेतात: एवढा मोठा कलावंत, कंपनीचा मालक झाला आणि कर्जात बुडाला. ‘पडावंच’ म्हणणारे प्रशांत दामले यांच्याकडे बोट दाखवतात: नोव्हेंबर 2022 मध्ये साडेबारा हजारावा प्रयोग केला आणि नाटकंही स्वतः काढतात. मग एक जण म्हणतो, कलावंताला हिशेब जमत नाही. दुसरा म्हणतो, धाडस लागतं. तिथून गाडी घसरते ती थेट स्वभावावर. पण दोन असामान्य माणसांच्या स्वभावावरून कळव्याच्या किंवा नेरूळच्या तिशीतल्या नटानं स्वतःचं काय ठरवायचं?

माझं मत सुरुवातीलाच मांडलेलं बरं. ज्याला पुढची वीस-पंचवीस वर्षं व्यावसायिक रंगभूमीवर उभं राहायचं आहे, त्या नटानं निर्मितीत उतरावं. अट एकच. निर्माता म्हणून त्यानं पहिल्या प्रयोगापासून स्वतःतल्या नटाला नाइट, म्हणजे प्रयोगामागचं मानधन, द्यावी, इतरांना देतो तशीच, वहीत लिहून, पाकिटात घालून. ही अट किरकोळ वाटते. मात्र नट-निर्मात्यांची जी घरं बसली, त्यांच्या पडझडीचा माग काढत गेलं की बहुतेक वेळा या न दिलेल्या पाकिटापाशीच पोचायला होतं.

आकडे मांडून पाहू. हे आकडे समजण्यापुरते धरलेले आहेत, प्रत्येकानं आपले घालून बघावेत. समजा, एका प्रयोगाला चारशे तिकिटं गेली आणि तिकिटामागे सरासरी साडेतीनशे रुपये हाती आले. गल्ला एक लाख चाळीस हजार. खर्चात नाट्यगृहाचं भाडं, वर्तमानपत्रातली जाहिरात, सहकलाकारांच्या नाइट, नेपथ्याचा टेम्पो, मंडळींची बस, प्रकाश आणि ध्वनी, रंगमंच कामगार, रंगभूषा, कपडेपट आणि त्याची धुलाई-इस्त्री, लेखक-दिग्दर्शक-संगीतकाराचं प्रयोगामागचं मानधन, व्यवस्थापक, बुकिंगवरची माणसं, चहा-नाश्ता. सगळं मिळून एक लाख पंधरा हजार. उरले पंचवीस हजार. नाटक उभं करायला वीस लाख लागले असतील, तर नट-निर्माता बोटांवर मोजून सांगतो की ऐंशी प्रयोगांत पैसे वसूल. पण प्रमुख भूमिका तो स्वतः करतोय, आणि तीच भूमिका दुसऱ्याकडून करून घेतली असती तर पंधरा हजारांची नाइट द्यावी लागली असती. ती धरली की प्रयोगामागे उरतात दहा हजार, आणि वसुलीला लागतात दोनशे प्रयोग. ऐंशी आणि दोनशे यांच्यात दोन-अडीच वर्षांचा फरक पडू शकतो. या वर्षांत घराचा हप्ता कशातून गेला? मालिकेतून, बायकोच्या पगारातून, मित्राच्या उसनवारीतून. नाटक मात्र वहीत ‘बरं चाललंय’ असं दिसत राहतं. आजारी नाटकाला निरोगी ठरवणारी ही वही फार घातक. तोट्यातलं नाटक बंद करता येतं, पण तोटा दिसलाच नाही तर माणूस दुसरं नाटकही त्याच भ्रमात काढतो.

आता विरोधी बाजूचं सगळ्यात भक्कम म्हणणं. बालगंधर्वांचं उदाहरण खोटं नाही. 1913 मध्ये किर्लोस्कर मंडळीतून बाहेर पडून त्यांनी गणेशराव बोडस आणि गोविंदराव टेंबे यांच्यासोबत गंधर्व नाटक मंडळी काढली. म्हणजे सुरुवातीला ती भागीदारी होती. पुढे भागीदार बाहेर पडले, मालकी एकट्याकडे आली, शालू-शेले आणि अत्तरांच्या थाटात कुठेही हात आखडता राहिला नाही, कर्ज वाढत गेलं, आणि शेवटी 1935 च्या ‘धर्मात्मा’ चित्रपटासाठी प्रभातचा कॅमेरा गाठावा लागला. पण यातून ‘नटानं मालक होऊ नये’ हा निष्कर्ष निघतो का? त्याच काळात केशवराव भोसले यांनी वयाच्या अठराव्या वर्षी, 1908 मध्ये, ललितकलादर्श काढली. तेही गायक नट, तेही मालक. जुलै 1921 मध्ये टिळक स्वराज्य फंडासाठी झालेल्या ‘संयुक्त मानापमान’मध्ये ते बालगंधर्वांसमोर धैर्यधर म्हणून उभे राहिले आणि तीनच महिन्यांनी, ऑक्टोबरमध्ये, गेले. मालक गेला, मुख्य नट गेला, दोन्ही एकाच दिवशी. तरी कंपनी बंद पडली नाही. बापूराव पेंढारकरांनी ती चालवली, पुढे भालचंद्र पेंढारकरांनी. त्याआधीचं उदाहरण किर्लोस्कर मंडळीचं. स्वतः रंगमंचावर उभे राहणारे अण्णासाहेब 1885 मध्ये गेले, ‘शाकुंतल’ला जेमतेम पाच वर्षं झाली होती, आणि मंडळी पुढे कित्येक वर्षं चालली. वीस वर्षांनी बालगंधर्व दाखल झाले ते याच मंडळीत. तेव्हा मालक नट होता की नव्हता यावर काही ठरत नाही. मालकाशिवाय पडदा वर जाऊ शकत होता की नाही, हे बघायला हवं.

याच कसोटीवर प्रभाकर पणशीकरांची नाट्यसंपदा बघावी. ‘तो मी नव्हेच’मधल्या लखोबामुळे पणशीकर घराघरांत पोचले होते. असा नट स्वतःची संस्था चालवू लागला की सगळी नाटकं स्वतःभोवती फिरवणार, असंच कुणालाही वाटेल. प्रत्यक्षात ‘अश्रूंची झाली फुले’मध्ये ते प्राध्यापक विद्यानंद झाले आणि शिट्ट्या-टाळ्यांचा लाल्या गेला डॉ. काशिनाथ घाणेकरांकडे. (हिरानंदानी मेडोजपाशी ज्यांच्या नावाचं नाट्यगृह ठाणेकर रोज बघतात, तेच.) 1967 चं ‘कट्यार काळजात घुसली’ उभं राहिलं वसंतराव देशपांडे यांच्या खाँसाहेबांवर. निर्मात्यानं स्वतःतल्या नटाला मागे उभं केलं, आणि तेही नट ऐन भरात असताना. हा निर्णय भावनेवर होत नाही. ‘या भूमिकेला बाजारात योग्य माणूस कोण आणि त्याची किंमत किती’ हा प्रश्न निर्मात्यानं स्वतःबद्दलही तितक्याच कोरडेपणानं विचारला तरच होतो. स्वतःची नाइट वहीत लिहिण्याचा दुसरा फायदा हा. पंधरा हजारांच्या रकान्यात स्वतःचं नाव लिहिताना ‘एवढ्या पैशांत याच्यापेक्षा चांगला कोण मिळेल?’ हा प्रश्न टाळता येत नाही. फुकटात मिळणाऱ्या नटाबद्दल तो कुणी विचारत नाही.

दुसरा आक्षेप अभिनयाचा आहे आणि तो मला पहिल्याहून खरा वाटतो. विंगेत उभ्या नटाच्या डोक्यात तिसऱ्या घंटेला पहिलं वाक्य असायला हवं, रांग ‘के’पासून मागे किती खुर्च्या रिकाम्या आहेत हे नव्हे. काम खराब होतं ते नेमकं कसं, हे बारकाईनं बघण्यासारखं आहे. बुकिंगचा प्लॅन घेऊन व्यवस्थापक मेकअप रूममध्ये येतो. कागदावर गेलेल्या खुर्च्यांवर फुल्या मारलेल्या असतात, मधल्या पाच रांगा भरलेल्या आणि दोन्ही कडा पांढऱ्या. ते पांढरं बघितलेला नट पहिल्या अंकात घाई करतो. भरल्या थिएटरात जो हशा दोन सेकंद थांबून घेतो, तो आज मिळणारच नाही असं धरून पुढचं वाक्य टाकतो, आणि आलेल्या चारशे जणांचाही हशा कापला जातो. मध्यंतरापर्यंत सहकलाकारांची लय बिघडलेली असते. यावरचा इलाज साधा आहे, पण तो नियम म्हणून पाळावा लागतो. पहिल्या घंटेच्या तासभर आधीपासून पडदा पडेपर्यंत प्लॅन, गल्ला आणि उधारी यातलं काहीही नट-निर्मात्यापर्यंत जायचं नाही. मध्यंतरातही नाही. ‘टेम्पोवाला पैसे मागतोय’ हे वाक्यसुद्धा नाही. या काळात निर्णयाचा पूर्ण हक्क सूत्रधाराचा, म्हणजे निर्मितीचा कारभार बघणाऱ्या माणसाचा. पाच-दहा हजारांपर्यंतची रोकड त्याच्या खिशात असावी आणि ती विचारल्याशिवाय खर्च करायची मुभाही. असा माणूस मिळत नसेल तर निर्मिती सुरूच करू नये. नायिका मिळत नाही म्हणून आपण नाटक थांबवतोच ना?

याच आक्षेपाचं एक धाकटं भावंड आहे: मालकाला दिग्दर्शक बोलणार कसा? रंगीत तालमीत मालकाचं स्वगत चार मिनिटं लांबतंय हे सगळ्यांना दिसतं, बोलत कुणी नाही. दिग्दर्शकाच्या करारात एक ओळ घालावी: शुभारंभाच्या प्रयोगापर्यंत संहितेतली काटछाट आणि पात्रांची निवड यात दिग्दर्शकाचा शब्द अखेरचा, निर्मात्याच्या भूमिकेसह. सही असली की दिग्दर्शकाची जीभ सुटते.

आता कामाच्या बाजूला येतो, कारण स्वभावाच्या चर्चेत हे कुणी काढतच नाही. ठाणे-नवी मुंबईच्या निर्मात्याला रविवारी दोन प्रयोगांचा मोह होतो: दुपारी चारला वाशीचं विष्णुदास भावे नाट्यगृह, रात्री साडेआठला ठाणं. घड्याळ लावून बघा. चारचा प्रयोग मध्यंतर धरून साडेसहाला संपतो. सेट सोडवून टेम्पोत भरायला पाऊण तास, सव्वासात. ऐरोलीमार्गे ठाणं गाठायला रविवार संध्याकाळच्या गर्दीत पाऊण तास धरा, आठ वाजले. सेट लावायला आणि प्रकाशयोजना जुळवायला दीड तास. साडेनऊ. साडेआठचा प्रयोग साडेआठला लागणारच नाही, आणि हे गणित छापलेल्या जाहिरातीनंतर कळतं. यावर तीन उपाय आहेत. चारऐवजी साडेतीनचा प्रयोग आणि रात्रीचा नऊचा. तरीही अंतर जेमतेमच राहतं. दुसरा, मुख्य फ्लॅट (सेटच्या भिंतींच्या चौकटी) आणि लेव्हल्सचा (चौथऱ्यांचा) दुसरा संच करून तो दुपारीच ठाण्यात लावून ठेवणं, पण त्यासाठी नाट्यगृह दुपारच्या सत्रात रिकामं हवं. तिसरा उपाय सर्वांत स्वस्त आणि तो तालमीच्या आधीच करावा लागतो: नेपथ्यकाराला सांगायचं की सेट चार माणसांत पंचवीस मिनिटांत सुटला पाहिजे. आठ बाय चार फुटांच्या मापातले फ्लॅट, खिळ्यांऐवजी बिजागऱ्या आणि पिना, प्रत्येक तुकड्याच्या पाठीवर रंगानं क्रमांक. टेम्पो भरतानाही उतरवण्याचा क्रम उलटा धरायचा. जमिनीवरचं कापड आणि लेव्हल्स सगळ्यात आधी लागतात, म्हणून ते सगळ्यात शेवटी चढवायचे. प्रॉपर्टीच्या पेट्या आत तळाला. हा क्रम एकदा चुकला की पुढच्या थिएटरात अर्धा तास फक्त सामान बाजूला काढण्यात जातो आणि पडदा उशिरा उघडला म्हणून प्रेक्षक बोल लावतात नटाला. अभिनयाची कारकीर्द अशा अर्ध्या तासांनीसुद्धा खालावते.

तारखांचा प्रश्न याहून अवघड. बहुतेक नाट्यगृहांत तारखा काही महिन्यांच्या एकत्र वाटल्या जातात आणि शनिवार-रविवार जुन्या, चालत्या संस्थांकडे जातात. नव्या निर्मात्याच्या वाट्याला मंगळवारची रात्र. त्यात नट दिवसभर घोडबंदर रोडवर मालिकेच्या सेटवर. इथे नट-निर्माता असण्याचा खरा फायदा आहे आणि तो फारसा कुणी सांगत नाही. दुसऱ्याच्या नाटकातला नट मालिकेशी तारखांचा करार करतो तेव्हा त्याला नाटकाच्या तारखा माहीतच नसतात, त्या निर्मात्याकडे असतात. ज्याचं नाटक त्याच्याच हाती तारखा, त्यामुळे तो चॅनेलशी बोलताना ‘प्रत्येक शनिवारी चार वाजता सुटका’ असं लिहून मागू शकतो. दोन नोकऱ्यांमध्ये ओढला जाणारा माणूस आणि दोन्हींचं वेळापत्रक स्वतः आखणारा माणूस यांच्या थकव्यात बराच फरक असतो.

पण त्याच मालिकेचा पैसा नाटकाला चालवतो आणि मग आपण पुन्हा वहीपाशी येतो. पृथ्वीराज कपूर यांनी 1944 पासून पृथ्वी थिएटर्स चालवलं ते बरंचसं चित्रपटांच्या कमाईवर. हेतू उदात्त होता, कामही मोठं झालं. मात्र कंपनी एका माणसाच्या कमाईवर आणि देहावर उभी होती. प्रकृती साथ देईना तेव्हा 1960 मध्ये ती बंद झाली. मालिकेतून नाटकात पैसे घालू नयेत असं मी म्हणणार नाही. घालावेत, पण कर्ज म्हणून: तारीख, रक्कम, परतफेड कुठल्या प्रयोगापासून. संस्थेचं चालू खातं वेगळं. शक्य असेल तर मर्यादित दायित्व भागीदारी, कारण एकट्याच्या मालकीच्या संस्थेत जाहिरातवाल्याचं थकलेलं बिल थेट राहत्या घरापर्यंत येऊ शकतं.

लेखकाशी व्यवहार तोंडी ठेवणं ही आपल्याकडची जुनी खोड. दोस्तीत सुरू झालेलं नाटक चाललं की दोस्ती संपते. कॉपीराइट कायद्याप्रमाणे हक्क सोपवण्याचा करार लेखी हवा. त्यात मुदत लिहिली नसेल तर पाच वर्षं धरली जाते आणि प्रदेश लिहिला नसेल तर भारत. मिळालेला हक्क वर्षभरात वापरला नाही, आणि करारात वेगळं काही ठरलेलं नसेल, तर तो लेखकाकडे परत जातो. ही एका वर्षाची अट नट-निर्मात्याला सर्वांत जास्त चावते. मालिकेमुळे तालमी पुढे ढकलत राहतो आणि एके दिवशी कळतं की संहिता दुसऱ्याकडे गेली. तालमींआधीच संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे, म्हणजे नाटकांच्या सरकारी सेन्सॉरकडे, पाठवावी. प्रमाणपत्राशिवाय प्रयोग जाहीर करणं म्हणजे जाहिरातीचा खर्च जुगारात लावणं.

कराचीही एक गोष्ट. पाचशे रुपयांपर्यंतच्या नाटकाच्या तिकिटावर जीएसटी नाही, ही चांगली सवलत. पण विक्रीवर कर नाही म्हणून खरेदीवर भरलेल्या कराचं क्रेडिटही मिळत नाही. जाहिरात, ध्वनियंत्रणा, ज्या ज्या बिलावर जीएसटी लागतो तो थेट खर्चात जातो. प्रयोगाचा हिशेब करताना हे कोटेशनमधल्या मूळ आकड्यावर करून चालत नाही.

‘एवढं सगळं सांभाळायचं तर नट अभिनय कधी करणार?’ असा प्रश्न इथे उठेल आणि तो योग्य आहे. माझं उत्तर क्रमात आहे. पहिलं नाटक स्वतःच्या प्रमुख भूमिकेचं काढू नये. आधी वर्षभर एखाद्या चालत्या नाटकात काम करावं, रिप्लेसमेंट म्हणून का होईना, आणि त्याच बसमध्ये सूत्रधाराच्या शेजारी बसून हिशेब बघावा. मग दोन-तीन पात्रांचं नाटक घाणेकर नाट्यगृहातल्या छोट्या थिएटरसारख्या जागी करावं, जिथे सेट एका छोट्या टेम्पोत मावतो आणि थोडे प्रेक्षक आले तरी थिएटर भरल्यासारखं दिसतं. त्यात आपली भूमिका दुय्यम. मोठ्या नाट्यगृहातलं नाटक त्यानंतर, आणि तेव्हाही आपल्या भूमिकेसाठी दुसरा नट तालमीत पहिल्या दिवसापासून बसलेला हवा. त्याला महिन्यातून निदान एक प्रयोग द्यावा, नाहीतर तो तयार राहत नाही. घसा बसला म्हणून रद्द झालेला एक प्रयोग भाडं, जाहिरात, बस आणि परत केलेली तिकिटं धरून पुढच्या कित्येक प्रयोगांचा नफा खाऊन टाकतो. मच्छिंद्र कांबळी यांनी ‘वस्त्रहरण’मधला तात्या सरपंच आपल्या नावाशी कायमचा जोडून घेतला, तरी 2007 मध्ये ते गेल्यानंतरही त्यांची भद्रकाली ही संस्था नाटकं काढत राहिली. हे नशिबानं होत नाही.

भांडवल किती हवं, हा प्रश्न बहुतेक जण चुकीचा विचारतात. ‘नाटक उभं करायला किती?’ असं विचारतात. विचारायला हवं ते असं: उभं केल्यावर पहिले वीस प्रयोग तोट्यात गेले तर किती? सेट, कपडे, संगीत आणि तालमीच्या हॉलचं भाडं यात सगळी पुंजी घालून शुभारंभ थाटात होतो. मग सातव्या प्रयोगाला जाहिरात छोटी होते, नवव्याला तारीख सोडली जाते, आणि ज्या नाटकाला तोंडी प्रसिद्धी मिळायला बारा-पंधरा प्रयोग लागले असते ते दहाव्याला बंद पडतं. म्हणून उभारणीचा खर्च असेल त्याच्या निम्मी रक्कम बाजूला, वेगळ्या खात्यात, शुभारंभाच्या आधी. सरकारी अनुदान त्यात धरायचं नाही. ते मिळालं तर नंतर येतं, आणि पहिल्या वीस प्रयोगांचे पैसे त्या त्या रात्रीच द्यावे लागतात.

आणि त्या वेगळ्या खात्यातून पहिल्याच रात्री जी पाकिटं निघतील, त्यात एक स्वतःच्या नावाचं असावं. पैसे कमी पडले आणि ते देता आलं नाही, तर वहीत ‘देणं बाकी’ म्हणून तारखेसह लिहावं. सलग दहा प्रयोग हे देणं बाकीच राहत असेल, तर अकराव्याची तारीख घेण्याआधी सूत्रधाराला आणि दिग्दर्शकाला बसवून ती वही समोर ठेवावी, आणि त्या बैठकीत नटानं गप्प बसावं.